मुंबईत जन्मलेला माणूस 'गाववालो' होतो तो रक्ताने की सवयीने?

चाकरमानी: जन्म परळच्या चाळीत. वडील गिरणीत, 1982च्या संपानंतर आईच्या खानावळीवर घर चाललं. कुडाळजवळच्या गावी चतुर्थीला आणि मे महिन्यात, तेवढंच जाणं. तरी 'खयचो रे तू?' विचारलं की तोंडातून गावाचंच नाव येतं. आजोबा देवापुढे गाऱ्हाणं घालायचे, म्हणजे सगळ्यांसाठी मोठ्याने मागणं मागायचे, 'बा देवा म्हाराजा', आणि आम्ही पोरं 'व्हय म्हाराजा' ओरडायचो. आजही ते ऐकलं की काटा येतो. हे शिकवून येत नाही, रक्तातच असावं लागतं.

माडाची राई: रक्तात नाही हो. लहानपणापासून दरवर्षी ओरडलात म्हणून काटा येतो. माझा मुलगा पुण्यात वाढला, चतुर्थीला कधी गावी आला नाही. त्याला गाऱ्हाणं म्हणजे तक्रार एवढंच ठाऊक. कुळदैवत तर तेच आहे!

रापणवाला: मी मालवणचा, गाबीत, मासेमारी करणाऱ्यांतला. बाबांनी सांगितलं काहीच नाही, रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, दोरी हातात दिली. वाळूत टाच कुठे रोवायची ते पायालाच कळत गेलं. आमच्या रापणीवर घाटावरचा एक पोरगा बारा वर्षं दोरी ओढतोय. पाण्याचा रंग बघून मासळी सांगतो. त्याचं रक्त कुठलं?

मंडणगडची लेक: बाबासाहेबांच्या घराण्याचं आंबडवे आमच्याच तालुक्यातलं. खोती, म्हणजे कुळांकडून सारा वसूल करणाऱ्या खोतांची पद्धत, रद्द करायचं विधेयक त्यांनी 1937 साली मांडलं, कायदा व्हायला 1949 उजाडलं. आमचा आजा खोताचं कूळ, त्याच्या ताब्यातली जमीन कसायचा. कायदा झाल्यावरही खोताच्या घरावरून जाताना आजी चपला हातात घ्यायची. आमच्या वडिलांनी ती सवय आमच्यापर्यंत पोचू दिली नाही, त्यासाठी गावात वाईटपणा घेतला. चाकरमानीदादा, वारसा रक्तात असतो म्हणता, मग आजीची ती खाली घातलेली मानही माझ्या रक्तात आहे म्हणायचं का?

चाकरमानी: नाही, ताई. 'रक्तात' हा शब्द मी मागे घेतो. तुमच्या वडिलांनी जे अडवलं ते फार मोठं आहे. माझ्या घरी अडवण्यासारखं काय होतं, याचा मी विचारच केला नव्हता. पण घराण्याचं काहीच नसतं हे अजून पटत नाही. गाऱ्हाण्यात आजोबा म्हणायचे, 'जो कोण पोटापाण्यासाठी लांब ऱ्हवता, तेका सुखरूप ठेव.' तो लांबचा कोण, हे चौथीत असताना कळलं. तेव्हापासून त्या ओळीला मी सगळ्यांत मोठ्याने ओरडायचो.

माडाची राई: यंदा गाऱ्हाणं कोण घालणार?

चाकरमानी: आजोबा गेले. मला अर्धंच येतं. काकांकडून उरलेलं लिहून घेतोय, मुलाला शेजारी बसवून.