कादंबरीतली खरी माणसं: लेखकाने कुठवर जावं?

गोदाकाठ: खऱ्या माणसाच्या तोंडी लेखकाने रचलेली वाक्यं घातली तर माझी हरकत नाही. पण त्याने न केलेलं कृत्य त्याच्या माथी मारू नये. मी नाशिकच्या आनंदवल्लीत राहते. पत्ता सांगितला की समोरचा हमखास म्हणतो, "ध चा मा केला, त्याच आनंदीबाईंचं गाव ना?" ३० ऑगस्ट १७७३ला नारायणरावांचा खून झाला, रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी धरलं. पण 'धरावे'चं 'मारावे' आनंदीबाईंनीच केलं, याला भक्कम पुरावा नाही. तरी अडीचशे वर्षं ती बाई ते अक्षर वागवते आहे.

मेनरोडकर: पुराव्यापुरतंच लिहायचं तर कादंबरी कशाला? २१ डिसेंबर १९०९, आपलं विजयानंद थिएटर, 'शारदा'चा प्रयोग. अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१०ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी. कागदावरून एवढं कळतं. पण वाट बघताना शेजारच्याने पान पुढे केलं असेल, तर त्या कोवळ्या पोराने ते घेतलं असेल का? खिशातला हात बाहेर काढला असेल का? हे कुठल्या दप्तरात सापडणार? मला तो पोरगा अशा पानांतूनच कळतो.

गोदाकाठ: पान खुशाल द्या हो, त्याने कुणावर आळ येत नाही. पण जॅक्सनला चाबूक घेऊन बाजारात फिरवलं तर? तो संस्कृत जाणणारा, लोक त्याला पंडित जॅक्सन म्हणत.

मेनरोडकर: आणि बाबाराव सावरकरांचा खटला सेशन्सकडे पाठवणाराही तोच. कविता छापल्या म्हणून बाबारावांना काळं पाणी झालं! नुसता पंडित रंगवला तर तेही खोटंच. चाबूक नको, हे मात्र मान्य.

जुनं नाशिक: शेवटी दोन पानांची टीप द्यावी, काय खरं आणि काय रचलेलं. प्रश्न मिटला.

मेनरोडकर: टीप कोण वाचतं? कादंबरीवर मालिका निघाली की पहिली तीच गळते.

गोदाकाठ: तरी हवीच. पण आळ घेऊन मागे टीप जोडली, तर ते मला चालणार नाही. माझ्या भाचीने निबंधात 'ध चा मा' घडलेली गोष्ट म्हणून लिहिलं. बाईंनी समासात लाल शाईने बरोबरची खूण केली होती.