उडवण्याआधी जरा 'इतिहास' उघडा
विकिपीडियाच्या पानावर 'चुकीचं दिसलं की सरळ उडवा' हे वर कुणीतरी मांडलेलं मत काही पटलं नाही. विकीवरच्या खान्देशच्या पानात कुणी बऱ्हाणपूर घातलं, की आपल्याच जळगाव-धुळ्याचा कुणी 'ते तर मध्य प्रदेशात' म्हणून खोडणार. आज आहेच, पण थाळनेरनंतर खान्देशच्या फारुकी सुलतानांची राजधानी तिथेच होती ना भाऊ! आधी पानाचा 'इतिहास' (कुणी कधी काय बदललं त्याची यादी) बघावा, शंका चर्चा पानावर टाकावी, खाली चार टिल्डे (~~~~) मारून सही करावी. आणि बदल जतन करताना दिसणारी सारांशाची चौकट रिकामी सोडणं हा निव्वळ आळस. 'संदर्भ नाही म्हणून काढलं' एवढं लिहिलं तरी समोरच्याचं डोकं फिरत नाही. शुद्धलेखन मात्र बिनधास्त सुधारा. नवख्यांनी हात साफ करायला धूळपाटी हे सरावाचं पान आहेच.