विषय: गणेशोत्सवात ब्लॅक कॉमिक्सकारांसाठी दोन टेबलं

प्रेषक: मेघना (मराठी शाळा)

नमस्कार मंडळी,

गणेशोत्सवाच्या स्टॉलची यादी पक्की होण्याआधी एक प्रस्ताव मांडते. साड्या, दागिने, विमा आणि घरं विकणाऱ्यांच्या रांगेत यंदा दोन टेबलं फिलाडेल्फियातल्या स्वतंत्र, म्हणजे आपले अंक स्वतःच छापणाऱ्या, ब्लॅक (आफ्रिकन-अमेरिकन) कॉमिक्सकारांसाठी ठेवूया. त्यांच्याकडून भाडं घेऊ नये, आणि शाळेच्या कपाटासाठी त्यांची पुस्तकं मंडळाने छापील किमतीला विकत घ्यावीत.

आपण या शहराच्या आसपास इतकी वर्षं राहतो, पण त्याचा हा इतिहास आपल्या मुलांना कुणी सांगितलेला नाही. ऑरिन इव्हान्स हे इथले पत्रकार. ते ज्या दैनिकात होते ते ‘फिलाडेल्फिया रेकॉर्ड’ १९४७ मध्ये बंद पडलं. त्याच वर्षी त्यांनी ‘ऑल-निग्रो कॉमिक्स’ काढलं. लिहिणारे, चित्रं काढणारे सगळे ब्लॅक. त्या काळी सिनेमात आणि कॉमिक्समध्ये ब्लॅक माणूस म्हणजे नोकर किंवा हसण्यावारी नेण्याचं पात्र. इव्हान्सच्या अंकात एस हार्लेम नावाचा गुप्तहेर होता, आफ्रिकेतला युरेनियमचा साठा राखणारा लायन मॅन नावाचा शास्त्रज्ञ होता. इतर कॉमिक्स १० सेंटला मिळत, हा अंक १५ सेंटचा. दुसऱ्या अंकाची तयारी झालेली होती, पण इव्हान्सना छपाईचा कागद विकायला कुणी तयार होईना. अंक निघालाच नाही.

म्हणून मला वाटतं की कौतुकाच्या आधी व्यवहार बघायला हवा. कपाटात काय ठेवायचं ते मुलांना घेऊन ठरवू.

मेघना

———

प्रेषक: शिरीष (खजिनदार)

मेघना,

कल्पना आवडली. भाडं माफ करायला कार्यकारिणी हो म्हणेल असं वाटतं. खरेदीचं मात्र कळलं नाही. एवढी कुटुंबं दिवसभर हॉलमध्ये असतात, त्यांची विक्री तशीही होईल आणि ओळखही होईल. वर मंडळाने पुस्तकं घ्यायची गरज आहे का? घ्यायचीच तर घाऊक दराने मागू, काही सूट मिळेल.

शिरीष

———

प्रेषक: अनिकेत

शिरीषदादा,

मी कॉलेजपासून कॉमिक्सच्या मेळाव्यांना जातोय, म्हणून सविस्तर लिहितो.

कॉमिक्सच्या दुकानात पाच डॉलरला मिळणाऱ्या अंकातले साधारण तीन डॉलर दुकानदार आणि वितरक यांच्यात जातात. उरलेल्या दोनात छपाई, रंगकाम, अक्षरं घालणाऱ्याचे पैसे आणि चित्रकाराचे महिने. थोड्या प्रती छापल्या की छपाईच इतकी महाग पडते की त्या दोन डॉलरमध्ये ती भागतही नाही. त्यामुळे स्वतः छापणाऱ्याला खरे पैसे मिळतात ते आपल्या टेबलावर, समोर उभ्या राहिलेल्या वाचकाकडून. किकस्टार्टर या संकेतस्थळावर वाचकांकडून आधी पैसे गोळा करून छापणारे बरेच आहेत. तिथेही पाच टक्के संकेतस्थळाचे, वर पैसे वळते करण्याचं शुल्क, आणि टपालखर्च वेगळा. अशा माणसाकडे घाऊक सूट मागणं म्हणजे त्याच्या हातात उरणारं तेवढंच काढून घेणं.

फिलाडेल्फियात २००२ मध्ये ईस्ट कोस्ट ब्लॅक एज ऑफ कॉमिक्स कन्व्हेन्शन हा ब्लॅक कॉमिक्सकारांचा मेळावा यूमी ओडम यांनी सुरू केला. तिथलं एक टेबल डोळ्यांसमोर आणा. मागे उभा पडदा, पुढे प्लॅस्टिकच्या पिशवीत पुठ्ठा लावून ठेवलेले अंक, एका कोपऱ्यात फोनला जोडलेलं कार्ड घेण्याचं यंत्र. एक आठ-नऊ वर्षांची मुलगी मुखपृष्ठावरच्या नायिकेकडे बघत होती. नायिकेच्या वेण्या थेट हिच्यासारख्या, कपाळापासून घट्ट घातलेल्या. चित्रकर्तीने तिला नाव विचारलं, अंकावर सही केली, मग त्याच पानावर दोन मिनिटांत त्या वेण्यांसकट तिचा चेहरा काढून दिला. आईने दोन अंक घेतले. असे गिऱ्हाईक दिवसभरात पुरेसे आले तर त्या चित्रकर्तीचा पुढचा अंक निघतो.

आपल्या हॉलमधली गर्दी तशी नसते, हे आधीच मान्य करू. लोक आरतीला येतात, प्रसाद घेतात, जेवतात, मुलांचे नाच बघतात. कॉमिक्स घ्यायला कुणी आलेलं नसतं. तो माणूस शनिवार मोडून, पेट्या उचलून येणार आणि सात-आठ अंक विकून परत जाणार. म्हणून बोलावण्याआधी खरेदीचा शब्द द्यायला हवा. ‘तुमचं नाव होईल’ हे त्या लोकांनी फार वेळा ऐकलेलं आहे.

आपल्या शहरातल्या केन्सिंग्टन भागातलं अमाल्गम आठवतं का कुणाला? एरियल जॉन्सन यांनी २०१५ च्या डिसेंबरमध्ये फ्रँकफर्ड ॲव्हेन्यूवर कॉमिक्स आणि कॉफी यांचं दुकान काढलं. पूर्व किनाऱ्यावर ब्लॅक स्त्रीच्या मालकीचं असं ते पहिलं दुकान. देशभर बातम्या झाल्या, मार्व्हल या बड्या कॉमिक्स कंपनीच्या एका मुखपृष्ठावर त्यांचं चित्र आलं, २०१७ मध्ये नाइट फाउंडेशन या अनुदान देणाऱ्या संस्थेने नव्या लेखक-चित्रकारांच्या वर्गांसाठी ५०,००० डॉलर दिले. आणि २०२२ मध्ये दुकान बंद झालं. इतकं नाव झालेल्या जागेची ही गत, तर नवख्या चित्रकाराचं पोट नुसत्या नावावर कसं भरेल?

अनिकेत

———

प्रेषक: वसंतकाका

सर्वांना नमस्कार.

उपक्रमाला विरोध नाही. पण मंडळाचा पैसा मराठीसाठी आहे. आपल्या कपाटात मराठी पुस्तकंच किती कमी आहेत. आधी ती घ्यावीत, असं मला वाटतं.

———

प्रेषक: मेघना

काका,

मराठी पुस्तकांची यादी मी याच आठवड्यात पाठवते, त्यात काटछाट करणार नाही. पण ‘आधी’ आणि ‘नंतर’ असं मांडलं तर नंतरची पाळी येतच नाही. जोतिरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. पुण्यात बसून त्यांना हे नातं दिसलं होतं. आपण तर इथेच घरं केली, इथल्या शाळांत आपली मुलं ब्लॅक मुलांच्या शेजारी बसतात. आपल्या घरांत ब्लॅक शेजाऱ्यांबद्दल काय बोललं जातं ते मुलं ऐकतात, काका. मला त्यांच्या हातात दुसरं काही द्यायचंय.

अजून दोन गोष्टी. पाहुण्यांना ‘आमच्या मुलांसाठी गणपती काढून द्या’ किंवा ‘पुराणातली एखादी गोष्ट करा’ असं कुणी सांगू नये. त्यांना त्यांच्या गोष्टी मांडू द्याव्यात. आणि मुलांसाठी तासाभराची कार्यशाळा हवी असेल तर आपण तबलजींना देतो तितकंच मानधन द्यावं, आधी ठरवून.

मेघना

———

प्रेषक: स्नेहल

मेघनाताई, मुलांना चालेल असंच साहित्य टेबलावर असेल ना? काही कॉमिक्स मोठ्यांसाठी असतात म्हणून विचारते. माझा मुलगा तिसरीत आहे, हाताला लागेल ते वाचतो.

———

प्रेषक: अनिकेत

स्नेहलताई, रास्त प्रश्न. बहुतेक चित्रकार वयोगट स्वतःच सांगतात. बोलावतानाच ‘कौटुंबिक कार्यक्रम आहे’ असं कळवलं की ते तसे अंक आणतात. शाळेसाठी घ्यायचे अंक मी आणि मेघनाताई आधी वाचून घेऊ.

———

प्रेषक: शिरीष (खजिनदार)

मंडळी,

अनिकेतचा हिशोब मी बायकोला वाचून दाखवला. सूट मागण्याचा मुद्दा मागे घेतो.

माझी सूचना अशी: मुलांच्या प्रत्येक तिकिटासोबत पाच डॉलरचं कूपन द्यावं, ते फक्त या दोन टेबलांवर चालेल. मूल स्वतः निवडून अंक घेईल. कूपनं संध्याकाळी गोळा करून मंडळ त्याच दिवशी तिथेच चेक देईल. ‘पुढच्या महिन्यात पाठवतो’ नको. शाळेच्या कपाटासाठी प्रत्येकी दहा प्रतींची खरेदी वेगळी आणि तिचे पैसे आमंत्रण स्वीकारताच द्यावेत. कपाटाचा खर्च शाळेच्या खात्यातून निघेल, कूपनांसाठी मी दोन प्रायोजकांशी बोलतो. मराठी पुस्तकांच्या रकमेला हात लागणार नाही, वसंतकाका.

मेघना, रविवारच्या बैठकीआधी कुणाकुणाला विचारायचं ती नावं पाठव. दोन्ही टेबलं दाराजवळ ठेवतो, मागच्या भिंतीला नको. आणि ही मंडळी दिवसभर बसणार आहेत तर जेवणाची पानं त्यांच्यासाठी आधीच काढून ठेवायला स्वयंपाकाच्या समितीला कुणीतरी सांगा.

शिरीष