वस्त्रकलेच्या फलकावर एकच नाव का?

माजिवडेकर:
हल्ली मुंबईच्या गॅलऱ्यांत कापडाची प्रदर्शनं वाढली आहेत. आम्ही ठाणेकर लोकल पकडून जातो, बघतो, फोटो काढतो, परत येतो. असंच एक मध्यंतरी पाहिलं. छतापासून जमिनीपर्यंत पडदा, त्यावर जरदोजी आणि आरीचं भरतकाम, इतकं बारीक की चष्मा वर-खाली करत उभा होतो. शेजारी फलक: कलाकाराचं नाव, साल आणि 'सुती कापड, रेशीम, जर'. टाके कोणी घातले, असं तिथल्या मुलीला विचारलं. "ते कारागिरांकडून करून घेतलंय." म्हणजे जरीचं नाव फलकावर आहे, जर भरणाऱ्याचं नाही!

माझं म्हणणं सरळ आहे. काम दुसऱ्याच्या हातून झालं असेल तर ती नावं फलकावर हवीत. कॅटलॉगच्या शेवटच्या पानावरचे आभार नकोत. कोणाचं वेगळं मत असेल तर बोला.

उलटटाका:
आहे वेगळं मत. चित्रकलेचं शिक्षण घेतलंय म्हणून जरा जास्तच आहे.

अलिघिएरो बोएत्ती हा इटालियन कलाकार घ्या. 1971 पासून त्याने जगाचे नकाशे अफगाण बायकांकडून भरतकामात करून घेतले. स्वतः सुई हातात धरली नाही आणि ते त्याने लपवलंही नाही. कल्पना त्याची, जोखीम त्याची. फसलं असतं तर टीका त्या बायकांवर झाली असती का? पुतळा बघताना तो कोणत्या फाउंड्रीत ओतला हे आपण कधी विचारतो? कापड आलं की मात्र लगेच कारागिराचा कळवळा. यात आपण कापडाला अजून कला मानत नाही, हस्तकलाच मानतो, असा वास येतो मला.

माजिवडेकर:
बोएत्तीचं नाव काढलंत ते बरं केलंत. त्याचा एक नकाशा तयार होऊन आला तेव्हा समुद्र गुलाबी होता! अफगाणिस्तानला समुद्रकिनारा नाही. बायकांकडे गुलाबी दोरा भरपूर होता, तो वापरला. बोएत्तीला ते इतकं आवडलं की पुढे समुद्राचा रंग त्याने भरणाऱ्यांवरच सोडला. आता सांगा, त्या नकाशातली सगळ्यात लक्षात राहणारी गोष्ट कोणाची? ती ठरवणाऱ्या बाईचं नाव आज कुठल्या संग्रहालयाच्या भिंतीवर आहे?

आणि फाउंड्रीचंही नाव लावा की. मी कुठे नको म्हणतोय?

बेलापूरकरीण:
तुम्ही दोघंही असं बोलताय की कापडात काम करणारा प्रत्येक कलाकार दुसऱ्याकडूनच करून घेतो. मृणालिनी मुखर्जींची शिल्पं आठवा. रंगवलेले दोर, त्यांना हाताने मारलेल्या गाठी, माग नाही की सुई नाही, आणि त्यातून माणसाहून उंच, थोड्या भीतिदायक आकृती उभ्या. 2015 मध्ये त्या गेल्या आणि न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर या संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं 2019 मध्ये. आपल्याकडे तोवर 'दोरकाम' म्हणणारे होतेच.

दुसऱ्या मोनिका कोरिया. आमच्या बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजचा आराखडा वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांचा, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्यांच्या पत्नी साठच्या दशकापासून विणकाम करत आल्या, हे किती जणांना माहीत आहे? ताण्याचे, म्हणजे उभे, धागे सरळ रांगेत ठेवते ती मागाची फणी. कोरियाबाई विणता विणता ती फणी मधेच काढून टाकतात. धागे मोकळे होऊन वाट फुटेल तसे वाहायला लागतात. फणी कधी काढायची हे मागावर बसलेल्यालाच कळतं, कागदावर काढून दुसऱ्याकडे देता येत नाही. अशा कामाला एकच नाव लागलं तर त्यात चूक काय?

म्हणून सरसकट नियम नको. 'संकल्पना' आणि 'हात' अशा दोन ओळी ठेवा. दोन्हीकडे एकच नाव असेल तर तेही लोकांना दिसू दे.

कलम57:
कायद्यापुरतं बोलतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 प्रमाणे हक्क विकले तरी कर्ता म्हणून आपलं नाव लावून घेण्याचा अधिकार राहतो. पण मुळात कर्ता कोण, इथेच घोडं अडतं. खाका दुसऱ्याने दिलेला असेल तर टाके घालणाऱ्याला कर्ता ठरवणं कोर्टात अवघड जाईल. तेव्हा रीत पाडायची असेल तर ती गॅलऱ्यांनीच पाडावी लागेल.

अड्डेवाला:
ठाण्याजवळ दिव्याला माझा लहान कारखाना आहे, हेच भरतकाम. सगळं वाचून हसू आलं, राग मानू नका.

एका अड्ड्यावर, म्हणजे कापड ताणून बसवलेल्या लाकडी चौकटीवर, चार-सहा जण बसतात. ईदला एक गावी गेला की त्याच्या जागी दुसरा. कागदावर डिझाइन काढून सुईने भोकं पाडणारा वेगळा, रॉकेलमध्ये कालवलेली भुकटी फिरवून ते कापडावर उतरवणारा वेगळा. नावं कोणाकोणाची लिहिणार? पोरं नफरीचा, म्हणजे पाळीचा, दर विचारतात, नाव नाही विचारत. एका आर्टिस्टने पैसे 'प्रदर्शन झाल्यावर' सांगितले, मग 'विकल्यावर'. आमचं नाव भिंतीवर असतं तरी भाडं मीच भरलं असतं. आधी रोख, मग फलक.

उलटटाका:
घ्या. खुद्द अड्ड्यावरून उत्तर आलं.

माजिवडेकर:
अर्धंच आलं. दर कमी का, तर या पोराने काय काय केलंय हे दाखवायला त्याच्याकडे काही नसतं. 2023 मध्ये गेटवेसमोर दिओर या फ्रेंच फॅशन कंपनीचा शो झाला, तिथलं भलंमोठं तोरण मुंबईच्या चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्टने केलं हे जगभर छापून आलं. संस्थेच्या नावापर्यंत गाडी पोचलीय ना? मग माणसापर्यंत जायला काय हरकत आहे? सरकार 1965 पासून कारागिरांना नावानिशी राष्ट्रीय पुरस्कार देतंय, म्हणजे नावं शोधता येतात. पुढच्या गिऱ्हाईकाला "तो पडदा आमचा" म्हणता आलं तर नफरीची घासाघीस वेगळी होईल. अड्डेवाले, तुमच्या पोरांना एकदा विचारून तर बघा.

अड्डेवाला:
विचारलं. दोघं म्हणाले, टाका. एक म्हणाला, नको, गावात कळलं तर सगळे उधार मागायला येतील. आणि सगळ्यात जुना आहे तो म्हणाला, नावापुढे कोणी कुठला भाग केला तेही लिहा. या पोरांचं वाकडं काम माझ्या नावावर नको.