टर्बो पेट्रोल इंजिनाचा ब्रीदर बाहेर मोकळा सोडल्याने ओढ वाढते का?

प्रश्न
नमस्कार. माझी डायरेक्ट इंजेक्शनची टर्बो पेट्रोल गाडी ६०,००० किलोमीटर चालली आहे. टर्बोकडे जाणारा हवेचा पाइप काढला, तेव्हा आत तेलाचा थर दिसला. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या आतले वायू पुन्हा हवेच्या मार्गात नेणारी झडप) बंद करून ब्रीदरचे, म्हणजे ते वायू बाहेर काढणाऱ्या नळीचे, तोंड बाहेर मोकळे सोडले, तर स्वच्छ हवा मिळून ओढ वाढेल, असे मेस्त्रींचे म्हणणे आहे. तसे करावे का?

उत्तर १
कृपया तसे करू नका. पिस्टन रिंगांच्या फटीतून ज्वलनाचे थोडे वायू प्रत्येक इंजिनात क्रँककेसमध्ये (पिस्टनांखालच्या तेलाच्या कप्प्यात) उतरतात आणि त्यांच्याबरोबर पाण्याची वाफ व न जळलेले पेट्रोलही येते. पीसीव्ही हे सारे मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) निर्वाताने ओढून घेते व त्या जागी गाळलेली हवा आत येते. हे खेळते राहणे थांबले, की तेलात गाळ धरतो. शिवाय हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत मधली एखादी वाट उघडी राहिली, की संगणकाचा इंधनाचा हिशेब चुकतो. विषारी धूर रस्त्यावर सोडणे मला तरी पटत नाही.

उत्तर २
वरील मत योग्य आहे, पण मूळ तक्रारही खरी आहे. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जात असल्याने इनटेक व्हॉल्व्ह त्याने धुतले जात नाहीत, आणि तेलाच्या धुक्याचा कार्बन त्यांच्यावर साचत जातो. हेच तेल मिश्रणात मिसळले, की नॉकिंगची (मिश्रण अवेळी आपोआप पेटण्याची) शक्यता वाढते, मग संगणक ठिणगी उशिरा टाकतो आणि ताकद घटते. त्यामुळे आत जाळी व आडपडदे असलेला कॅच कॅन, म्हणजे वायूंतील तेल अडवून साठवणारा डबा, बसवावा, मात्र त्यातून निघणारी नळी पुन्हा इनटेकलाच (इंजिनात हवा जाण्याच्या मार्गालाच) जोडावी. बूस्ट असताना, म्हणजे टर्बो हवा दाबून भरत असताना, मॅनिफोल्डमध्ये दाब चढतो, पीसीव्हीची वाट बंद होते आणि वायू टर्बोच्या तोंडाकडील दुसऱ्या नळीने जातात. म्हणून एकाच नळीवर कॅन लावणे हे अर्धेच काम ठरते. मी दोन्हीकडे बसवला आहे. ओढीत मला फरक जाणवला नाही, पण कॅनमध्ये तेल साचते आणि थंडीत त्यात पाणी मिसळून दुधाळ चिकटा तयार होतो, म्हणून तो वेळोवेळी रिकामा करावा लागतो.

उत्तर ३
खर्च करण्यापूर्वी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील दाब) तपासून घ्या, कारण रिंगा झिजल्या असतील तर कॅन केवळ लक्षण झाकेल. पाइपातील तेलाचा पातळ थर मात्र बहुतेक टर्बो गाड्यांत आढळतो. थेंब साचत असतील, तरच काळजी करावी.