'रिअल-टाइम'ला मराठीत काय म्हणावं?

मुलुंड
लिनक्सच्या बोर्डावरून मोटर चालवण्याच्या कार्यशाळेसाठी मराठी टिपणं करतोय. 'रिअल-टाइम प्रोग्रॅम'ला 'वास्तविक वेळ' म्हटलं तर काहीच बोध होत नाही. 'तात्काळ' चालेल का?

परळ
'तात्काळ' नको. त्यातून वेगाचा अर्थ निघतो, आणि मुलं तिथेच फसतात. दादरच्या फलाटावर जलद लोकल आणि वेळेवर येणारी लोकल या दोन वेगळ्या गोष्टी असतात. धिमी गाडी रोज ठरल्या मिनिटाला येत असेल तर तिच्या भरवशावर पुढची बस धरता येते. रिअल-टाइमचा अर्थ तोच: काम ठरल्या मुदतीत होणारच. सरासरी किती लागते ते गौण, सगळ्यात वाईट वेळी किती उशीर होतो ते महत्त्वाचं.

मी 'मुदतबद्ध' लिहीन. 'कालबद्ध' योजनांसाठी रूढ आहे, त्याने महिने आणि वर्षं डोळ्यांपुढे येतात. इथे गोष्ट मायक्रोसेकंदांची आहे.

गोरेगाव
'मुदतबद्ध'ला अनुमोदन. टिपणात मोजणीही दाखवा. सायक्लिकटेस्ट (प्रोग्रॅमला जागं व्हायला किती उशीर होतो ते मोजणारी चाचणी) फिफो शेड्युलिंगवर (वरच्या अग्रक्रमाच्या कामाला आधी सीपीयू देणारी पद्धत), अग्रक्रम ८० देऊन, मेमरी लॉक करून चालवायची आणि 'मॅक्स'चा, म्हणजे सगळ्यात मोठ्या उशिराचा, आकडा बघायचा. बोर्ड रिकामा असताना घेतलेला आकडा निरुपयोगी. शेजारी स्ट्रेस-एनजी (मुद्दाम भार टाकणारा प्रोग्रॅम) चालू ठेवा, कार्डावर लिहिणं आणि नेटवर्कचा भार द्या, आणि किमान रात्रभर चालू द्या. प्रीएम्प्ट-आरटी (लिनक्सला मुदतबद्ध करणारी सोय) २०२४ मध्ये आवृत्ती ६.१२ पासून मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आलं, पण कर्नल बांधताना तो पर्याय निवडावा लागतो, आपोआप मिळत नाही.

मुलुंड
मग 'रिअल-टाइम क्लॉक' म्हणजे 'मुदतबद्ध घड्याळ'?

परळ
नाही, तिथे अर्थच वेगळा! डीएस३२३१ सारखी चिप भिंतीवरच्या घड्याळाची वेळ सांभाळते, वीज गेली तरी बटण-सेलवर. तिला 'दिनवेळ घड्याळ' म्हणा.

हा गोंधळ कोडमध्येही नडतो. लिनक्सच्या 'क्लॉक_रिअलटाइम' या घड्याळाचं नाव बघून कंट्रोल लूपसाठी (मोटरला ठरावीक वेळाने आज्ञा देणाऱ्या फेऱ्यांसाठी) तेच घेतात. ते दिनवेळेचं आहे, पुढेमागे केलं जाऊ शकतं. रास्पबेरी पाय ४ वर दिनवेळ चिप नसते. बोर्ड जुनीच वेळ धरून उठतो, नेट मिळालं की वेळ एकदम पुढे उडी घेते. लूप 'अमुक वेळेपर्यंत झोप' अशा पद्धतीने लिहिलेला असेल तर मधल्या सगळ्या वेळा उलटून गेलेल्या असतात. लूप न थांबता धावत सुटतो आणि स्टेपर मोटर पावलं चुकवते. वेळ मागे सरकली तर लूप झोपूनच राहतो.

उपाय: 'क्लॉक_मोनोटॉनिक' (कधीच मागे न जाणारं घड्याळ), क्लॉक_नॅनोस्लीप (झोपायची आज्ञा), आणि 'टायमर_ॲबस्टाइम' ('अमुक वेळेपर्यंत' असं सांगणारा पर्याय). दर फेरीत मागच्या ठरलेल्या वेळेत १ मिलिसेकंद मिळवायचा. 'आतापासून १ मिलिसेकंद' असं लिहिलंत तर प्रत्येक फेरीच्या कामाचा वेळ त्यात भरत जातो आणि लूप मागे पडत राहतो.

माटुंगा
'लेटन्सी'ला 'विलंब' पक्का आहे. 'जिटर'ला 'कंप' मात्र नको, मोटरच्या थरथरीशी घोटाळा होईल. 'हेलकावा' सुचवतो. विलंब कायम ५० मायक्रोसेकंदच असेल तर तो हिशेबात धरता येतो. कधी १०, कधी ३०० झाला तर हिशेब बसत नाही, आणि मोटर खरखरते ती या हेलकाव्याने.

शिवाय बारीक पल्स प्रोग्रॅममधून काढूच नयेत. हार्डवेअर पीडब्ल्यूएम (पल्स स्वतःच काढणारं सर्किट) वापरावं, किंवा बीगलबोन ब्लॅक या बोर्डाचे दोन पीआरयू (मुख्य सीपीयूपासून वेगळे छोटे प्रोसेसर): २०० मेगाहर्ट्झ, बहुतेक सूचना ५ नॅनोसेकंदांत. लिनक्सने फक्त वेग आणि दिशा सांगायची.

गोरेगाव
एक राहिलं, 'प्रायॉरिटी इन्व्हर्जन'. 'अग्रक्रम उलटणे' सरळ कळतं. खालच्या अग्रक्रमाच्या धाग्याने (थ्रेडने) कुलूप (म्यूटेक्स) धरलंय, वरचा त्यासाठी खोळंबलाय, आणि मधलाच कुणी सीपीयू घेऊन बसलाय. म्यूटेक्सला 'प्रायो_इनहेरिट' हा पर्याय लावला की कुलूप सुटेपर्यंत खालच्याला वरच्याचा अग्रक्रम मिळतो. त्याला 'उसना अग्रक्रम' म्हणता येईल.