घरातला जुना कॉम्प्युटर: राखीव म्हणून झाकून ठेवायचा की रोजच्या कामाला लावायचा?

मंगळवार पेठकर

घरात नवा लॅपटॉप आला की जुना डेस्कटॉप कापडाखाली जातो. "असू दे, अडीनडीला होईल" म्हणायचं आणि विसरून जायचं. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपल्यापासून अशी झाकलेली मशीन्स ओळखीच्या घराघरांत दिसायला लागलीत. माझं मत स्पष्ट आहे. झाकून ठेवलेलं मशीन अडीनडीला चालू होत नाही. राखीव हवं असेल तर त्याला रोजचं एखादं काम द्या, नाहीतर गरजूला देऊन टाका.

का ते सांगतो. मदरबोर्डवर सीआर2032 हा गोल सेल असतो, त्याच्यावर घड्याळ चालतं. मशीन प्लगला असताना घड्याळाला एसएमपीएसकडूनच (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) करंट मिळतो, सेल फारसा खर्च होत नाही. प्लग काढून ठेवलं की सगळा भार सेलवर. सेल संपला की तारीख कितीतरी वर्षं मागे जाते आणि वेबसाइट उघडेनाशा होतात, कारण साइटचं प्रमाणपत्र ब्राउझर मशीनच्या तारखेशी ताडून बघतो. लोकांना वाटतं नेटच गेलं. राउटर बंद-चालू करत बसतात, कंपनीला फोन लावतात, आणि खरं दुखणं कोपऱ्यातल्या घड्याळात असतं. यूपीएसची बॅटरीही चार्जिंगशिवाय पडून राहिली की बसते. त्यात आपला कोल्हापूरचा पावसाळा: पेठेतल्या जुन्या घरांच्या भिंतींना ओल धरते तिथं कॅबिनेटच्या आतलं काय होत असेल?

आमचं मशीन दुसऱ्या जनरेशनचं आय3, 4 जीबी डीडीआर3 रॅम. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे सरळ मार्गाने ते बसणार नाही. मी हार्डडिस्क काढून साटा केबलने जोडायची वेगवान एसएसडी डिस्क लावली आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट या मोफत सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली. मिंट 22 ला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत. मशीनला वायफाय नाही. फोन यूएसबी केबलने जोडून टेथरिंग चालू केलं, म्हणजे फोनचं नेट मशीनला दिलं, वेगळा ड्रायव्हर लागला नाही. आता मुलगी त्यावर इनस्क्रिप्ट कीबोर्डने मराठी टायपिंग करते, वडील बातम्या वाचतात. ज्यांना पटत नसेल त्यांनी जरूर लिहावं.

लेखाजोखा, लक्ष्मीपुरी

मला अजिबात पटलेलं नाही. मी मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत्यांचे हिशेब बघतो. दर महिन्याच्या 11 तारखेला जीएसटीआर-1, 20 ला 3बी, ही जीएसटीची रिटर्न भरायची असतात. त्या आठवड्यात मुख्य मशीन बसलं तर मला तेच विंडोज, तेच टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचा ड्रायव्हर लगेच हाताशी पाहिजे. लिनक्सवर टॅली थेट चालत नाही. श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या पत्रांच्या फायली युनिकोडमध्ये, म्हणजे कुठेही वाचता येणाऱ्या अक्षरांत, नाहीत. तो फॉन्ट नसला की नुसता अक्षरांचा गोंधळ दिसतो.

आणि राखीव मशीन पोरांच्या हातात दिलं तर ते राखीव कसलं? ऐनवेळी त्याच्यात काय टाकलेलं असेल, काय काढलेलं असेल, सांगता येणार नाही. माझं जुनं मशीन विंडोज 10 वरच आहे, नेटला जोडलेलं नाही, आणि मी त्याला कुणाला हात लावू देत नाही.

राजारामपुरी रिपेअरिंग

मशीन वापरात ठेवावं हे पेठकरांचं म्हणणं मी रोज बघतो, म्हणून त्यांच्या बाजूने. पावसाळ्यात माझ्याकडे एकच तक्रार घेऊन रांग लागते: "पंखा फिरतोय, पण डिस्प्ले नाही." बहुतेक मशीन्स वर्षभर बंद असलेली. आणि बहुतेकदा मदरबोर्ड गेलेला नसतो, रॅमने कॉन्टॅक्ट सोडलेला असतो.

घरी करून बघायचं असेल तर आधी मॉनिटरची केबल बघा. वेगळं ग्राफिक कार्ड असेल तर केबल कार्डालाच हवी. मग प्लग पूर्ण काढा, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा म्हणजे उरलेला करंट निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवा. सगळ्या रॅम काढा, एकच पट्टी एका स्लॉटला लावून चालू करा. नाही आला डिस्प्ले तर पट्टी बदला, स्लॉट बदला. बीप ऐका. रॅम काढल्यावर बीप येते आणि लावल्यावर गप्प, तर तेवढी माहितीही कामाची आहे: बोर्ड आणि प्रोसेसर जिवंत आहेत.

मशीन चालू होऊन काही मिनिटांत बंद पडत असेल तर प्रोसेसरवरची पेस्ट सुकलेली असण्याची शक्यता जास्त. ब्लोअरने धूळ काढताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. बोर्डावरच्या कपॅसिटरची डोकी फुगलेली दिसली तर तिथेच थांबा. आणि एसएमपीएस कुणीही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आत चार्ज राहतो, तो झटका साधा नसतो.

एक विनंती. रॅम खोडरबरने घासू नका. सोन्याचा थर अगदी पातळ असतो, आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये जाऊन नवीनच दुखणं लागतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड वापरा.

उद्यमनगर

भावा, बाकी सगळं पटलं, खोडरबराचं नाही. आमच्या वर्कशॉपच्या ऑफिसातला पीसी पांढऱ्या मऊ रबरानंच उठतोय. स्लॉटपासून लांब धरून, हलक्या हातानं, एकाच दिशेनं पुसायचं आणि ब्रशनं भुगा झटकायचा. वर्षातून एकदा असं केल्यानं सोनं निघत नाही. घरच्या माणसाकडं रबर असतो, अल्कोहोल नसतो. अल्कोहोल आणायला जायचं म्हणून ते मशीन आणखी सहा महिने पडून राहणार.

मंगळवार पेठकर

लेखाजोखा साहेब, तुमचा मुद्दा वजनदार आहे. टॅली लागत असेल तर विंडोज ठेवा, त्याला माझा विरोध नाही. पण मला सांगा, मुख्य मशीनवरचा टॅलीचा बॅकअप त्या झाकलेल्या मशीनवर शेवटचा कधी रिस्टोअर करून बघितला? बॅकअप घेतलाय आणि तो उघडतोय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हीकडच्या टॅलीची आवृत्ती जुनी-नवी झाली तर 20 तारखेलाच ते कळणार. 3बी भरायला नेट लागतंच, म्हणजे इतके दिवस अपडेट न मिळालेलं विंडोज 10 तुम्ही नेमकं त्याच दिवशी नेटला जोडणार, तेही गिऱ्हाइकाच्या पासवर्डसकट. मला त्याची काळजी वाटते.

मुलांची आई, कसबा बावडा

पेठकर दादा, मुलांसाठी लिनक्स म्हणालात तिथं माझी हरकत आहे. एमएस-सीआयटीला विंडोज आणि एमएस ऑफिसच शिकवतात. घरी एक, क्लासला दुसरं, यात पोरगं गोंधळतं. लिनक्सवरच्या लिब्रेऑफिसमध्ये वर्डची फाइल उघडते, पण मांडणी हलते, तक्ते सरकतात. आमच्या लेझर प्रिंटरचा ड्रायव्हर लिनक्सवर नीट बसलाच नाही, प्रोजेक्टच्या प्रिंटसाठी शेवटी बाहेर जावं लागलं.

वीजही धरा. जुना डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून 100 वॉट ओढत असेल तर 10 तासांना एक युनिट. लॅपटॉप त्याच्या निम्म्याहून कमी घेतो. मला विचाराल तर एखादा वापरलेला, विंडोज 11 चालणारा लॅपटॉप घ्यावा आणि डेस्कटॉपचा मोह सोडावा.

शाहूपुरी कुंभार गल्ली

ऑगस्ट 2019 मध्ये आमच्या खालच्या खोलीत पंचगंगेचं पाणी आलं. जमिनीवरचं कॅबिनेट बुडालं आणि त्यातच घरातले सगळे फोटो होते. पाणी ओसरल्यावर शेजाऱ्याने "चालतंय का बघू" म्हणून बटण दाबलं, तिथे राहिलेली आशाही संपली. भिजलेलं मशीन चालू करायचं नसतं. डिस्क तशीच काढून जाणकाराकडे द्यायची.

म्हणून मला लिनक्स की विंडोज या वादापेक्षा हे जास्त महत्त्वाचं वाटतं की दुसऱ्या मशीनवर एकुलती एक प्रत कसलीच नको. कॅबिनेट टेबलावर हवं. वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की पॉवरबरोबर तांब्याची नेटवर्क केबलही काढायची, त्यातूनही झटका येतो. आणि भंगारात देताना डिस्क आधी काढून घ्या. क्विक फॉरमॅटने माहिती पुसली जात नाही, साध्या सॉफ्टवेअरने परत निघते.

लेखाजोखा, लक्ष्मीपुरी

रिस्टोअरची गोष्ट मान्य. दर महिन्याच्या 5 तारखेच्या आत जुन्या मशीनवर बॅकअप उघडून ताळेबंद जुळवून बघेन. नेटचा मुद्दाही बरोबर आहे. रिटर्नच्या फायली जुन्या मशीनवर तयार करायच्या आणि पोर्टलवर मुलाच्या लॅपटॉपवरून चढवायच्या, असं ठरवतो. पण मशीन घरात सगळ्यांना वापरायला द्यायचं नाही, लिनक्स टाकायचं नाही, यावर मी ठाम आहे. मुलांना शिकायचं असेल तर त्यांच्यासाठी वेगळी डिस्क घ्या. माझी काढून कपाटात ठेवायची, त्यांची लावायची. राजारामपुरीवाले, साटा केबल अशी वारंवार काढली-घातली तर कनेक्टर किती टिकतो?

राजारामपुरी रिपेअरिंग

फार टिकत नाही. तो कनेक्टर रोज काढ-घाल करण्यासाठी बनवलेलाच नाही. दोन्ही डिस्क कायम लावून ठेवा आणि मुलांच्या वेळी बायॉसमध्ये (मशीन चालू होतानाची मूळ सेटिंग) जाऊन तुमच्या डिस्कचा पोर्ट बंद करा, बायॉसला पासवर्ड घाला. फक्त मदरबोर्डवरचा तो घड्याळाचा सेल नवा टाका, नाहीतर काही बोर्डांवर सेल संपला की पासवर्डही जातो आणि बंद केलेला पोर्टही परत चालू होतो.